मूठभर धान्याची नोंद : एका विद्यार्थी-लघुपटाची घडण

माजी विद्यार्थी मेळाव्यात आमच्या शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला ‘मूठभर’ हा नऊ मिनिटांचा लघुपट दाखविण्यात आला. त्यानंतर अनेक पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आम्हांला गाठून विचारले, की कॅमेरा कोठून आणला, मुलांना शिकविले कोणी आणि खर्च किती आला? काहींना आपापल्या गावी, वस्तीत किंवा विहारात असा प्रयोग करावयाचा आहे. त्या सर्वांसाठी हा लेख. कॅमेरा आमच्याकडे नव्हता, शिक्षकांचे दोन मोबाईल होते. एक ट्रायपॉड आणि एक कॉलर माइक शिक्षकांनी वर्गणी काढून घेतला. शिकविणाऱ्यांनाही फारसे येत नव्हते. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षक असे आम्ही चौदाजण सहा आठवडे एकत्र शिकलो, हेच अधिक खरे.

विषय कसा सापडला

पहिल्या बैठकीत मुलांनी जी कथा सुचविली, ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. गरीब मुलगा, व्यसनी बाप, धुणीभांडी करणारी आई, कंदिलाच्या उजेडातील अभ्यास आणि शेवटी लाल दिव्याच्या गाडीतून गावात उतरणारा कलेक्टर. आम्ही त्यांना नाउमेद केले नाही. फक्त एवढेच विचारले, “यातील कोणती गोष्ट तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे?” वर्ग शांत झाला. कंदील तर त्यांच्यापैकी कोणीच पेटविलेला नव्हता.

मग आम्ही त्यांना नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट दाखविला. २००९ साली केलेल्या या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेल्या पारधी समाजातील मुलाची ती गोष्ट आहे. दिग्दर्शकाने आपल्या ओळखीच्या जगात कॅमेरा नेला, परके जग उभारण्याचा खटाटोप केला नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात आले. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपल्या कोठीत ते मोठे पत्र्याचे पिंप आहे, त्यावर ‘मुष्टिफंड’ असे का लिहिले आहे?”

विषय मिळाला. महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या अनेक वसतिगृहांना मुष्टिफंडाने जगविले. घरोघरी दळण काढताना एक मूठ धान्य वेगळ्या गाडग्यात टाकावयाचे आणि ते साठले की वसतिगृहासाठी द्यावयाचे, अशी ती पद्धत. आमच्या शाळेचे आरंभीचे दिवसही अशाच मुठींवर निघाले. ज्यांच्या घरी उद्याची भाकर निश्चित नव्हती, त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी ही मूठ काढली. आजच्या विद्यार्थ्यांना यातील काहीच ठाऊक नव्हते. त्यांना ते सांगितले नव्हते, हा दोष आमचा.

ऐकलेले पडताळून पाहणे

कथापट कल्पनेवर उभा राहू शकतो, परंतु माहितीपटाला पुरावा लागतो. तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना दिलेला उपदेश आम्ही मुलांना प्रथम समजावून सांगितला. केवळ परंपरेने चालत आले, सर्वजण म्हणतात किंवा आपल्या गुरूने सांगितले, एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. इतिहासाच्या अभ्यासकालाही याहून वेगळी शिस्त लागत नाही.

मुलांनी जवळच्या वस्तीतील वृद्धांशी बोलून टिपणे घेतली. या पहिल्या भेटींत मोबाईल खिशातून काढावयाचा नाही, असा नियम होता. कॅमेरा दिसला की माणूस सभेत बोलल्यासारखे बोलू लागतो. दुसरीकडे, शाळेच्या कपाटातील जुनी धान्य-नोंदवही बाहेर काढली. वस्तीतील सर्वांत वृद्ध आजी म्हणाल्या होत्या, “बारा घरं द्यायची, निस्ती जवारी.” नोंदवहीत घरे एकोणीस निघाली आणि ज्वारीबरोबर दोन ठिकाणी तूरडाळही आढळली. पायली, शेर, मापटे, चिपटे ही मापे मुलांनी प्रथमच वाचली. आजींची आठवण खोटी नव्हती. त्या आपल्या आळीतील घरे सांगत होत्या, वही सर्व वस्तीची होती. दोन साधने जुळत नाहीत, तेव्हा एखादे फेकून देण्याऐवजी ती का जुळत नाहीत हे शोधावे, हा धडा मुले पाठ्यपुस्तकाविना शिकली.

परंतु खरा शोध निराळाच होता. नोंदवही चाळताना एक मुलगा म्हणाला, “सर, यात एकही बाई नाही.” आम्ही ती वही यापूर्वी कितीदा तरी हाताळली होती, पण हे आमच्या ध्यानात आले नव्हते. एकोणीस घरे, एकोणीस नावे आणि सर्व कुटुंबप्रमुख पुरुषांची. दळण काढणारी, मूठ बाजूला टाकणारी आणि स्वतःच्या ताटातले तेवढे कमी करणारी बाई त्या वहीत कोठेच नव्हती. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, ते ज्यांना वाणी नाकारली गेली त्यांच्यासाठी. आमच्या स्वतःच्या संस्थेच्या दप्तरातही मूक राहिलेले कोणी आहे, हे एका चौदा वर्षांच्या मुलाने आम्हांला दाखविले. लघुपट कशासाठी करावयाचा, हे त्या क्षणी ठरले. त्या बायांची नावे शोधावयाची होती.

आधी कागदावर

नवखी मंडळी घाईने चित्रण सुरू करतात आणि नंतर पस्तावतात. आम्ही तीन आठवडे केवळ कागदावर काम केले.

प्रथम एका वाक्यात विषय लिहून काढला : वसतिगृहाला धान्य देणाऱ्या, पण नोंदवहीत नसलेल्या स्त्रियांचा शोध. हे वाक्य वर्गाच्या फळ्यावर सहा आठवडे पुसले नाही. एखादे दृश्य सुचले की ते या वाक्याला काय देते, असे विचारावयाचे. त्यामुळे शाळेचे प्रवेशद्वार, पटांगणावरील कवायत आणि मुख्याध्यापकांचे मनोगत ही तिन्ही दृश्ये आपोआप गळाली. मुख्याध्यापकांनी ते हसत स्वीकारले.

त्यानंतर पटकथा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील साधारण एक मिनिट, असा ठोकताळा आहे. आमची आठ पाने झाली. पानाच्या डाव्या बाजूस ‘काय दिसते’ आणि उजव्या बाजूस ‘काय ऐकू येते’ असे दोन रकाने केले. डावा रकाना रिकामा आणि उजवा भरगच्च असेल, तर तो लघुपट नसून भाषण आहे, हे मुलांना चटकन समजले. मग प्रत्येक प्रसंगाची शॉटयादी तयार झाली : ठिकाण, वेळ, दूरचे दृश्य की जवळचे, लागणाऱ्या वस्तू आणि उपस्थित व्यक्ती. ज्यांना चित्रे काढता येतात त्यांनी चौकटी आखून प्रत्येक दृश्याचे रेखाटन केले. हातपाय काड्यांचे असले तरी चालते. माणूस चौकटीत कोठे उभा आहे, एवढे कळले की पुरे.

कामे वाटून दिली. दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी, सलगता, साहित्य आणि परवानग्या ही ती कामे. सलगता सांभाळणाऱ्या मुलीचे काम कंटाळवाणे वाटते, पण तिच्यावाचून चालत नाही. एकाच प्रसंगाचे अर्धे चित्रण आज आणि अर्धे परवा झाले, तर गाडगे त्याच कोनाड्यात होते का, पदर कोणत्या खांद्यावर होता, सावली कोणत्या बाजूस होती, याची नोंद तिने ठेवावयाची. परवानग्यांच्या गटाने दिसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांची संमती घेतली. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना मजकूर वाचून समजावून सांगितला. संमतीपत्रावर एक ओळ मुलांनी स्वतःहून घातली : ‘लघुपट पूर्ण होईपर्यंत मी माझी संमती केव्हाही मागे घेऊ शकते.’ या ओळीचे मोल पुढे कळले.

चित्रण : उजेड, चौकट आणि आवाज

चित्रणाला चार दिवस लागले. चांगला उजेड फुकट मिळतो, फक्त वेळ साधावी लागते. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी साडेचारनंतरचा तिरपा प्रकाश चेहऱ्यावर मऊ पडतो. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. घरात चित्रण करताना माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नये, तो काळवंडतो. खिडकीच्या बाजूला बसवावे. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकले तर गोंधळू नये. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाईलमध्ये सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले की बहुधा लुकलुक थांबते.

मोबाईल आडवा धरावा, ट्रायपॉडवर ठेवावा आणि झूम करण्याऐवजी स्वतः दोन पावले पुढे जावे. प्रत्येक प्रसंग किमान तीन अंतरांवरून टिपावा. दूरून घेतलेल्या दृश्यात जागा कळते, मध्यम अंतरावरून कृती कळते आणि जवळून भाव कळतो. दोन व्यक्ती बोलत असतील, तर त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा आहे असे मानून कॅमेरा तिच्या एकाच बाजूस ठेवावा. रेषा ओलांडली, तर समोरासमोर बसलेली माणसे पडद्यावर एकाच दिशेला पाहताना दिसतात. प्रत्येक शॉट कृतीच्या पाच सेकंद आधी सुरू करून पाच सेकंद नंतर थांबवावा. संकलनाच्या वेळी हे सेकंद उपयोगी पडतात. धीर कशाला म्हणतात, हे सांगताना आम्ही मुलांना दादासाहेब फाळके यांचे उदाहरण दिले. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ करण्यापूर्वी त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखविणारा छोटा चित्रपट केला होता. आमच्या मुलांना पाच सेकंद थांबणे जड जात होते.

सर्वांत मोठी चूक आवाजात झाली. पहिल्या दिवशी एका काकूंची मुलाखत उत्तम रंगली. रात्री ऐकली तेव्हा पंख्याची घरघर आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज एवढा होता, की शब्दच उमटेनात. संपूर्ण मुलाखत वाया गेली. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बोलल्या, पण पहिली उमाळ्याची गोष्ट दुसऱ्यांदा तशी येत नाही. तेव्हापासून नियम केला, की आधी अर्धा मिनिट डोळे मिटून जागा ऐकावयाची, पंखा बंद करावयाचा, माइक छातीजवळ लावावयाचा आणि दहा सेकंद मुद्रित करून ते ऐकल्यावरच पुढे जावयाचे. शिवाय प्रत्येक ठिकाणची नुसती शांतताही एक मिनिट मुद्रित करावी. प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा आवाज असतो. दोन तुकडे जोडताना तो खाली अंथरला, की सांधा ऐकू येत नाही.

मुलाखत घेताना ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असा प्रश्न विचारू नये. “तुम्ही धान्य देत होता का?” असे न विचारता “दळणाच्या दिवशी काय काय करायचात?” असे विचारावे. उत्तर संपले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडे थांबावे. पुष्कळदा महत्त्वाचे ते त्या थांबण्यानंतरच येते.

संकलन

चार दिवसांत साडेतीन तासांचे चित्रण जमले. हाय डेफिनिशन चित्रणाच्या एका मिनिटाला सुमारे १०० ते १५० एमबी जागा लागते, हे आधीच हिशेबात धरावे. रोज संध्याकाळी दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती काढल्याशिवाय मोबाईलमधून काहीही पुसू नये. संकलन शाळेच्या संगणकावर केले. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि शालेय कामाला पुरेशी आहेत.

प्रथम सर्व चित्रण पाहून वहीत नोंद केली : कोणत्या मिनिटाला काय आहे, चांगले कोणते, निरुपयोगी कोणते. त्यावरून पहिला कच्चा जोड बावीस मिनिटांचा झाला. तो पाहताना आम्हांलाच जांभया आल्या. बावीसाचे नऊ करताना मुलांनी एकेका सेकंदासाठी वाद घातले. आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी चौदा वर्षे चित्रण केले आणि ते काही तासांत बसविले, हे सांगितल्यावर आमची तक्रार थांबली.

एक युक्ती येथे सांगण्याजोगी आहे. बोलणाऱ्याचा चेहरा सतत दाखवू नये. आवाज चालू ठेवून वर जाते, सूप, नोंदवहीची पाने किंवा हात दाखवावेत. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या किंचित आधी सुरू केला, की जोड सहज वाटतो. पार्श्वसंगीतासाठी मुलांना एक लोकप्रिय भीमगीत हवे होते. आम्ही नाही म्हटले. आपल्याकडील कायद्यानुसार कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर हक्क असतो. आपल्या शाहिरांच्या शब्दांचा मान आपणच नाही राखावयाचा, तर कोणी राखावा? शेवटी जात्याची घरघर हेच आमचे संगीत ठरले.

जे दाखविले नाही

कच्चा जोड तयार झाला, तेव्हा त्याचा कळस म्हणजे आजींच्या मुलाखतीतील चार मिनिटे होती. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी मूठ कशी काढली आणि त्यापायी त्यांच्या घरात काय घडले, हे त्यांनी सांगितले होते. बोलता बोलता त्यांना रडू कोसळले होते. चित्रण करणारा मुलगाही रडला, पण त्याने चौकट हलू दिली नाही.

पाचव्या दिवशी वस्तीतून निरोप आला, की आजींना ते नको आहे. आम्ही सर्वजण गेलो. आजी म्हणाल्या, “ते तुमास्नी सांगितलं लेकरांनो, गावाला न्हाई.”

शाळेत परतल्यावर मोठा वाद झाला. एक विद्यार्थी म्हणाला, आपल्या लोकांचे दुःख आजवर दडपलेच गेले, आता आपणही झाकणार का? ते चार मिनिटे काढले, तर लघुपटात उरते काय? त्याचे म्हणणे टाकाऊ नव्हते. तेव्हा नोंदवहीतील गफलत दाखविणारा मुलगा हळूच म्हणाला, “त्या वहीत बायांना न विचारता त्यांना गाळलं. आपण आजीला न विचारता तिला घालतोय. दोन्हीकडे तिला विचारलं कुणी?” यावर कोणी बोलले नाही.

इतिहासाचे अध्यापन करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा निर्णय सोपा नव्हता. साधन नष्ट करणे आमच्या शिक्षणात बसत नाही. चित्रण दाखवू नये, पण मोहोरबंद करून जपून ठेवावे, असा मध्यम मार्ग आम्ही आजींना सुचविला. त्या म्हणाल्या, “ठिवलं म्हंजी कवातरी कुनीतरी ऐकणारच की.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. वाणी सत्य असावी, तशीच ती योग्य वेळी बोललेली, मृदू, हितकारक आणि मैत्रीयुक्त असावी, अशी तथागतांची शिकवण आहे. आम्ही परिपाठात सम्यक वाचेवर बोलतो, तेव्हा बहुधा पहिल्या कसोटीवरच थांबतो. संमतीपत्रावरील ती ओळ मुलांनीच लिहिली होती. आजींच्या समोर बसून मोबाईल, संगणक आणि हार्डडिस्क या तिन्ही ठिकाणांहून ते चित्रण पुसले. त्यांनी काय सांगितले, ते या लेखातही येणार नाही.

त्या जागी मुलांनी एकच दृश्य ठेवले. आजींचा हात रिकाम्या गाडग्याच्या काठावर टेकलेला आहे आणि अकरा सेकंद कोणीही बोलत नाही. मेळाव्यात अनेकांनी आम्हांला सांगितले, की ते दृश्य त्यांना सर्वाधिक भिडले. त्यामागे काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि नसले तरी चालेल.

पहिला खेळ

ज्यांच्यावर लघुपट आहे त्यांनी तो सर्वांत आधी पाहावयाचा, हा आमचा शेवटचा नियम. वस्तीतील विहारात त्रिसरण-पंचशील झाल्यावर भिंतीवर पांढरी चादर लावून पहिला खेळ झाला. आजी पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. आपला हात पडद्यावर भिंतीएवढा झालेला पाहून त्या शेजारणीला म्हणाल्या, “माजा हात एवढा म्होटा हाय व्हय!” आणि सारा विहार हसला.

लघुपटाच्या अखेरीस पडद्यावर नोंदवहीतील एकोणीस नावे येतात आणि प्रत्येक नावापुढे त्या घरातील स्त्रीचे नाव उमटते. मुलांना चौदा नावे सापडली होती. पाच ओळी कोऱ्याच ठेवल्या होत्या. खेळ संपल्यावर मागे बसलेल्या एका बाईंनी उभे राहून एक नाव सांगितले, ती त्यांची सासू होती. आणखी एक नाव दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन एका गृहस्थांनी सांगितले. आता तीन ओळी कोऱ्या आहेत.

या स्मरणिकेच्या वाचकांकडे म्हणूनच आमची विनंती आहे. आपल्यापैकी अनेकजण त्या मुठींवर शिकले. आपली आई, आजी, चुलती किंवा शेजारीण धान्य बाजूला काढत असेल, तर तिचे नाव आम्हांला कळवा. जुनी छायाचित्रे, पावत्या किंवा नोंदी असतील, तर त्यांची प्रत द्या, मूळ आपल्याकडेच राहू द्या. पुढील वर्षी नववीची नवी तुकडी आपल्या दाराशी येईल. मुले आधी नुसती बसतील, ऐकतील आणि विचारल्यावाचून मोबाईल काढणार नाहीत. जेवढे सांगावेसे वाटेल तेवढेच त्यांना सांगा.

नोंदवहीची ती तीन पाने आम्ही उघडीच ठेवली आहेत.

जय भीम!